गुरुजींनी घातलेल्या कुरडया

कुरडई घालणं ही काही फार अवघड गोष्ट नाही, असं माझं ठाम मत होतं. होतं!

छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पहिलीच्या वर्गात साठ मुलं. त्यांतली वीस रडणारी, दहा पळणारी आणि दोन चावणारी. तरी रखमाजी गुरुजींनी कधी आवाज चढवला नाही, हे घनसावंगी तालुक्यात कुणालाही विचारा. ज्याला सातचा पाढा येत नाही त्याला मी तो चाळीस वेळा सांगे, आणि एकेचाळिसाव्या वेळी आज पहिल्यांदाच सांगतोय अशा चेहऱ्याने सांगे. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी गल्लीतली दहा-अकरा पोरं माझ्या ओट्यावर शिकायला येतात. असा माणूस पातेलंभर गव्हाच्या चिकाला घाबरेल काय?

तर झालं असं.

एप्रिलचा महिना. सौभाग्यवती दैवशाला लेकीच्या बाळंतपणासाठी बदनापूरला गेलेल्या, सोबत नातवालाही घेऊन गेलेल्या. चिरंजीव कल्याण जालन्याला बियाण्यांच्या गोदामात नोकरीला. तो फक्त रविवारी उगवतो. घरात मी आणि सून शीतल, दोघंच. जाताना दैवशाला सांगून गेल्या होत्या की कुरडया झाल्याच पाहिजेत. म्हणून शीतलने गहू भिजत घातले. रोज पाणी बदललं, तिसऱ्या दिवशी ते वाटून, पिळून चीक काढला आणि पातेल्यात निवळत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिजवून कुरडया घालायच्या होत्या.

संध्याकाळी मी बाहेरून आलो तर शीतल त्या पातेल्याशेजारी मोबाईल घेऊन बसलेली. डोळे लाल.

"काय झालं गं?"

तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. जालन्याच्या एका शाळेचा निरोप होता. तिसरी-चौथीसाठी एकच जागा होती आणि लेखी परीक्षेत शीतल पहिली आली होती! उद्या सकाळी दहाला मूळ कागदपत्रं घेऊन मुलाखतीला या. दुपारी दोनपर्यंत कागद पूर्ण झाले नाहीत, तर जागा दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला.

"अगं, मग रडतेस काय? पेढे वाटायचे!"

"न्हाई जात मी, आप्पा."

"का?"

"चीक उद्याच्याला शिजवावाच लागतो. ऱ्हायला तर आंबतो. गल्लीतल्या बायांना सात वाजता बोलावून ठेवलंय. उद्या आपली पाळी हाय. त्यांच्या सगळ्यांच्या घरी मी गेल्ते, आता त्या येणार अन् मीच घरी न्हाई? आईंना कळलं तर काय म्हणतील?"

आमच्याकडे असंच असतं. कुरडया एकटीच्या होत नाहीत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळ्या मिळून करतात. ही पाळी कुठे लिहिलेली नसते, पण मोडणारीचं नाव मात्र वर्षभर निघतं.

शीतलचं डी.एड. लग्नाच्या आधीचं. अकरा वर्षं झाली. चार वेळा मुलाखतीला गेली, चारही वेळा परत आली. ती शिकवते कसं ते मी पाहिलंय. माझ्या ओट्यावर मला खोकला झाला की ती दोन-दोन दिवस पोरं सांभाळते, आणि मी बरा झालो की पोरांची तोंडं पडतात! त्यात ही शाळा जालन्यातच. नोकरी लागली तर नवरा-बायको-पोरगं एका घरात राहतील. वय चौतीस. असं बोलावणं पुन्हा कधी येणार?

मी उठलो. वर्गात उभा राहायचो तसा ताठ उभा राहिलो.

"जा तू! मी आहे ना!"

"तुम्ही काय करताल?"

"कुरडया!"

तेव्हा कुठे ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "आप्पा, एक करा. कुठं गेले ते कुणालाच सांगू नका. मागच्या चारी वेळा आख्खी गल्ली विचारत बसली, काय झालं, काय झालं. ह्यांनाबी सांगू नका. मागच्या वेळी म्हणले, आता बास कर, नुसता खर्चा होतो. अन् ह्यांना कळलं की अर्ध्या तासात आईंना कळतं."

"शिक्षकाचा शब्द आहे!" मी म्हणालो.

रात्री तिने मला कुरडयांची कृती वहीच्या पानावर लिहून दिली. अकरा पायऱ्या. मी ते पान दोनदा वाचलं आणि त्यातल्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या. इतका माझा आत्मविश्वास!

सकाळी सव्वासहाला मी तिला जीपमध्ये बसवून दिलं. सात वाजता बाया आल्या. पुढे झुंबरबाई, काखेत सोऱ्या. म्हणजे तो कुरडया पाडायचा लाकडी साचा. झुंबरबाईंचा आमच्या गल्लीत सगळ्यांत जुना. मागे गिरिजाबाई आणि शेजारची ज्योत्स्ना.

मी चुलीपुढे बसलो होतो. कमरेला टॉवेल, हातात दांडकं.

तिघी दारातच थांबल्या.

"गुरुजी, शीतल कुठंय?" झुंबरबाईंनी विचारलं.

"बाहेर गेलीय."

"आज? चिकाच्या दिवशी? कुठं?"

"ते सांगता येणार नाही."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. आता वाचकहो, मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही. पोरांना रोज सांगतो, खरं बोला. सत्तरीजवळ आल्यावर मी स्वतः खोटं कसं बोलणार? म्हणून मी ठरवलं होतं, शब्दही मोडायचा नाही आणि खोटंही बोलायचं नाही. एवढं साधं!

"भांडण झालं का?" झुंबरबाईंनी आवाज खाली आणला.

"छे! हसत गेली."

"हसत गेली?" गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"संगं काय नेलं? कपडे?"

"नाही. नुसते कागद."

"कागद! कपाटातले?"

"हो. सगळे मूळ कागद. रात्री मीच काढून दिले."

"अगं माय! मंग आता परत कधी येणार?"

इथे मला जरा आनंद लपवता आला नाही. "तिच्या मनासारखं झालं, तर आता ती जालन्यालाच राहील!"

झुंबरबाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अन् तुम्ही चुलीम्होरं! ह्या वयात काय ही पाळी आणली पोरीनं! उठा गुरुजी, तुम्ही बाहेर बसा. आम्ही करून देतो सगळं."

हीच ती वेळ होती. इथे मी उठलो असतो, बाहेर बसलो असतो, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण माझ्या डोक्यात शिरलं होतं की आज आपण एक उदाहरण घालून द्यायचं.

"नाही!" मी दांडकं वर करून म्हणालो. "आज मीच करणार! पुरुषाने चूल सांभाळली म्हणून काय बिघडतं?"

त्या बिचाऱ्यांना त्यात उदाहरण दिसलंच नाही. बाई घरातून गेल्याशिवाय पुरुष चुलीपुढे बसलेला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आणि गुरुजी समोर असताना पाय पसरून, गप्पा मारत कुरडया घालायच्या तरी कशा? ज्योत्स्ना तर डोक्यावरचा पदर सारखा करूनच दमली. पाच मिनिटांनी तिघी उठल्या. जाताना झुंबरबाईंनी सोऱ्या माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं नापास झालेल्या पोराच्या बापाकडे पाहतात.

मला वाटलं, गेल्या! आता निवांत काम होईल.

आठ वाजता ओट्यावर माझी पोरं आली. सुट्टी द्यावी असं मनात आलं, पण विचार केला, एवढा चांगला पाठ समोर शिजत असताना सुट्टी कशाला? सगळ्यांना चुलीभोवती बसवलं. उकळत्या पाण्यात मी चीक ओतू लागलो.

"बाळांनो, हे पाहा. आता हा पातळ आहे. उष्णता मिळाली की काय होईल?"

"गुरुजी, हलवा!" चौथीतली प्रिया ओरडली.

"थांब बाळ, आधी उत्तर. पातळ पदार्थाला उष्णता मिळाली की..."

"गुरुजी, गाठी होऊन राह्यल्या! हलवा!"

"गाठी का होतात? कोण सांगेल?"

सांगितलं कुणीच नाही, पण गाठी झाल्या. लिंबाएवढ्या, मग आंब्याएवढ्या. मी दांडकं फिरवलं तर सगळं पातेलंच फिरलं. प्रियाने माझ्या हातातून दांडकं घेतलं, एक पाय पातेल्याच्या कडेला फडकं लावून टेकवला आणि दोन्ही हातांनी अशी हाटू लागली की मी पाहतच राहिलो. नऊ वर्षांची पोर! हिला सातचा पाढा येत नाही म्हणून मी तिच्या आईला भेटायला बोलावलं होतं.

"कुणी शिकवलं गं तुला?"

"कुणीच न्हाई. रोज घरी करूनच राह्यले ना."

मुलगे मात्र लांब बसून खिदळत होते. "गुरुजी बायांचं काम करून राह्यले!" मी शांतपणे म्हणालो, "बाळा, काम हे काम असतं." आणि शांतपणेच सोऱ्यात गरम चीक भरायला हात घातला.

त्यानंतर मी जे ओरडलो, ते छत्तीस वर्षांत शाळेने ऐकलं नव्हतं! चीक पाण्यासारखा निथळत नाही. तो चिकटतो आणि चिकटल्या जागी शिजत राहतो. पोरांनी माझे हात रांजणात घातले. मग फडकी गुंडाळून मी सोऱ्या दाबला. पहिली कुरडई पडली. ती कुरडई नव्हती. गांडुळांची सभा चालू असताना कुणी मध्येच पाणी ओतावं, तसं काही तरी होतं. दुसरी पहिलीवरच पडली. तिसरी सोऱ्याच्या वरून, माझ्या बनियनवर आली.

इतक्यात फोन वाजला. हात कोपरापर्यंत चिकात. मोबाईल बोटाला दाद देईना. शेवटी प्रियाने नाकाच्या शेंड्याने तो उचलायला दाबला, कारण तिचेही हात चिकात होते, आणि दोन कोपरांत धरून माझ्या कानाला लावला.

बदनापूरहून दैवशाला. मागे बाळ रडत होतं, आणि पुढे ह्या.

"आवं, शीतल पळून गेली म्हणं!"

"कोण म्हणालं?"

"झुंबरबाईंचा फोन आल्ता! कुठं गेली ती?"

"मला सांगता येणार नाही. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"तिलाच."

"म्हंजे... तुम्हाला ठाव होतं?"

"मीच तर जीपमध्ये बसवून दिलं!"

"आगं माय गं!" आणि फोन बंद.

पाच मिनिटांनी कल्याण. "आप्पा, शीतलचा फोन बंद येतोय! आई म्हणती तुम्हीच तिला घालवलं! मी गाडी काढून राह्यलो, घरीच येतो."

"अरे, येऊ नकोस! तू जालन्यातच थांब! तिथेच थांबलेलं बरं!"

"का? तिथं काय हाय? म्हंजे घरी येऊच नको म्हणता?"

"कल्याण, ऐक..."

त्यानेही ऐकलं नाही. मग गिरिजाबाईंचा मुलगा, मग सरपंच, मग कोण एक दूरचे नातेवाईक, ज्यांच्याशी मी सात वर्षं बोललो नव्हतो. प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं, "ती सुखात आहे, काळजी करू नका." आणि प्रत्येकाची काळजी त्या वाक्याने दुप्पट झाली.

अकरा चाळीसला पुन्हा फोन. प्रियाने नाक लावलं.

"आप्पा! किती येळचा फोन लावून राह्यले, सारखा लागलेलाच!"

शीतल! "काय झालं बाळ? मुलाखत?"

"लई चांगली झाली! त्यांनी वर्गावर पाठ घ्यायला लावला, पोरं सोडीनात मला. आप्पा, एक कागद न्हाई फाइलीत. लग्नाच्या नोंदणीचा दाखला. सगळ्यात वर ठेवला होता मी. डी.एड.च्या कागदावर माहेरचं नाव हाय अन् आधारवर सासरचं. ते म्हणतात, ही शीतल अन् ती शीतल एकच कशावरून? मूळ दाखला पाहिजे, दोनच्या आत. कुठं पडला असंल ओ?"

माझ्या हातातला सोऱ्या खाली पडला.

दाखला पडला कुठेच नव्हता. मीच काढून ठेवला होता! रात्री मी तिची फाइल लावली होती. छत्तीस वर्षं फायली लावलेला माणूस, अनुक्रमणिका घालून दिली होती. आणि सगळ्यांत वर लग्नाचा दाखला पाहून मला संतापच आला होता. नोकरी मिळते ती शिक्षणावर. तिथे लग्नाचा संबंध काय? बाईची ओळख तिच्या नवऱ्यावरून का म्हणून? असं स्वतःशीच म्हणत, अभिमानाने, मी तो कागद काढून कपाटात ठेवला होता. कल्याणला आयुष्यात कधी तो कल्याणच आहे हे सिद्ध करावं लागलं नव्हतं, मग तिला लागेल हे माझ्या डोक्यात येणार कुठून!

"शीतल," मी म्हणालो, "तो मी काढून ठेवला."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "बरं. आणता का?"

"आत्ता निघतो!"

मी कपाट उघडलं. दाखला घेतला. पायात चपला घातल्या. तेवढ्यात दारात करकचून जीप थांबली. देवच पावला म्हणायचं!

जीपमधून शीतलचे वडील, माझे व्याही, उतरले. संपतराव. मागे तिचे दोन चुलत भाऊ आणि जीपचा चालक. जांब समर्थहून आले होते. कल्याणनेच त्यांना फोन केला होता, शीतल माहेरी आली का म्हणून.

"इवाई!" संपतराव ओट्यावरूनच गरजले. "माझी पोरगी कुठंय?"

"जालन्याला! चला, आपल्याला लगेच जायचंय!"

"पोरगी जालन्याला अन् हे काय?" त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बनियनवर कुरडई, हातांना फडकी, हातात लग्नाचा दाखला. तो त्यांनी वाचला. त्यांचा चेहरा काळा पडला. "लग्नाचा कागद कशाला काढला तुम्ही? फारकतीपर्यंत गेली का गोष्ट?"

आता शब्द मोडणं भागच होतं. मी सगळं सांगितलं. नोकरी, मुलाखत, दोन वाजता. खरं, अगदी पहिल्यापासून, सावकाश, मुद्देसूद. वर्गात सांगतो तसं. तेवढ्यात बारा वाजले.

संपतराव शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "सून गेली नोकरीला अन् सासरा बसला कुरडया घालत? इवाई, मी अडाणी असंन, पण काही तरी पटंल असं सांगा!"

"अहो, खरं आहे!"

"अन् ही बया का रडून राह्यली मंग?" त्यांनी कुंपणाकडे बोट केलं. कुंपणापलीकडे झुंबरबाई उभ्या होत्या. सकाळपासून तिथेच असाव्यात. त्या म्हणाल्या, "सोन्यासारखी पोर होती हो!"

होती! झालं. दोन्ही चुलत भाऊ घरात शिरले, विहिरीत डोकावले, कडब्याची गंजी उचकली. माझी सत्तर वर्षांची अब्रू कडब्यासोबत उडत होती आणि भिंतीवरचं घड्याळ पुढे चाललं होतं. शेवटी प्रियानेच मोबाईल आणून संपतरावांपुढे धरला. "आजोबा, हा काकूचा नंबर. मघाशी मीच फोन धरला होता. लावा ना!"

मला हे का सुचलं नाही? कारण मी समजावून सांगण्यात गुंतलो होतो.

संपतरावांनी फोन लावला. शीतल एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथं काय करून राह्यले? आप्पांना गाडीत घाला अन् कागद आणा!" तेव्हा बारा पस्तीस झाले होते.

जीप सुटली. मी पुढे बसलो, दाखला छातीशी धरून. चालक म्हणाला, "गुरुजी, दीड तास धरा, पण पोहोचवतो दोनला!" आणि त्याने पोहोचवलंही असतं. पण अंबडच्या अलीकडे समोरून मोटारसायकलवर कल्याण आला, सकाळपासून जालन्याचे बसथांबे पालथे घालून मग घराकडे निघालेला, आणि त्याने जीप ओळखली. रस्त्यातच गाडी आडवी घातली.

"शीतल कुठंय?" कल्याण.

"तू इचारतो आम्हाला?" मोठा चुलत भाऊ.

"तुम्हीच शिकवून राह्यले तिला!"

"आम्ही? अरे, तूच म्हणला ना तिला बास कर म्हणून?"

मी मध्ये गेलो. "बाळांनो, भांडू नका. एकेकाने बोला." वर्गात हे वाक्य नेहमी चालायचं. इथे एकेकजणच बोलला, पण दहा-दहा मिनिटं. शेवटी संपतराव कपाळाला हात लावून म्हणाले, "पोरीचे दोन वाजतील रे, मुडद्यांनो!" तेव्हा कुठे कल्याणला कळलं की त्याची बायको त्याच्याच गोदामापासून दोन किलोमीटरवर बसली आहे, सकाळी दहापासून.

तो मोटारसायकल तिथेच एका टपरीपाशी लावून जीपमध्ये मागे बसला.

आम्ही शाळेत शिरलो तेव्हा दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

शीतल कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसली होती. तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि आधी विचारलं, "भाजलं का ओ आप्पा?" मी दाखला पुढे केला. तिने तो घेतला नाही. नुसती उठून आत गेली, मी मागोमाग.

टेबलामागच्या कारकुनाने दाखला बोटांच्या टोकांनी उचलला. त्याच्या शिक्क्यावर काही तरी पांढरं वाळून कडक झालं होतं.

"हे काय लागलंय?"

"चीक," मी म्हणालो.

"कसला?"

"गव्हाचा. कुरडयांचा."

"कुणी घातल्या कुरडया?"

"मी."

त्याने चष्मा वर केला. "तुम्ही? का, घरी सून न्हाई का?"

"ही काय सून!"

त्याने शीतलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज मऊ झाला. चांगला माणूस होता. म्हणाला, "ताई, पाठ तुमचाच चांगला झाला, खरं सांगतो. साहेब सव्वादोनपर्यंत थांबले तुमच्यासाठी. मंग त्यांनी दुसऱ्या नंबरच्या माणसाची सही घेतली. त्याचा कागद एकबी कमी नव्हता." जरा थांबून म्हणाला, "गडी माणसाची फाइल बारीकच असती म्हणा."

मी म्हणालो, "चूक माझी आहे. मी साहेबांना समजावून सांगतो."

"नको आप्पा," शीतल म्हणाली. फार हळू. "तुम्ही समजावू नका."

आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात कल्याण खांबाला टेकून उभा. त्याच्याकडे पाहून शीतल म्हणाली, "जेवले का?" त्याने मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही.

संपतराव फाटकाशी जीपपाशी थांबले होते. तिकडे निघालो तोच मागून कुणी तरी पळत आलं.

"सर! रखमाजी सर!"

तिशीतला एक तरुण, हातात पेढ्यांचा खोका. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला.

"ओळखलं का सर? आदिनाथ! तिसरी-चौथीला तुमच्याच वर्गात होतो. सातचा पाढा येत नव्हता बघा, तुम्ही चाळीस वेळा सांगितला! आज इथं लागलो, सर. आशाच सोडली होती मी. पहिल्या नंबरच्या बाईंचा कायतरी कागद राहिला म्हणं." त्याचे डोळे भरून आले. "सर, मी आज जे काही हाय ते तुमच्यामुळंच!"

मुलगा खरंच बोलत होता. मी फडकं गुंडाळलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. "चांगला शिकव हो," म्हणालो. "पोरांवर चिडू नको."

त्याने माझ्या तोंडात पेढा घातला. मग कल्याणला दिला, मग शीतलला. तिने घेतला.

"ह्या कोण सर?"

"माझी सून. शीतल."

"नमस्कार वैनी! काय करतात सर ह्या?"

आता वाचकहो, मी विचार करून बोलणारा माणूस आहे. पण हा प्रश्न आमच्या घरी अकरा वर्षं येतोय. आणि त्याचं एक उत्तर आहे, जे मी पाहुण्यांना दिलं, जनगणनेला आलेल्या गड्याला दिलं, रेशनच्या अर्जावर लिहिलं. ते उत्तर पेढ्यासकट, माझ्या आधीच, माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"काही नाही. घरीच असते."

कल्याण जमिनीकडे पाहू लागला. शीतलने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, तेच तर! उत्तर चुकलेल्या पोराकडे मी पाहायचो, अगदी तसं. मग आदिनाथला म्हणाली, "हो दादा. आज कुरडया होत्या आमच्याकडं."

माझ्या तोंडात अजून अर्धा पेढा होता म्हणून बरं झालं. नाही तर मी तिला आणखी काही तरी मदत केली असती!